माणगावमार्गे इटली

आमचं गाव महाड. म्हणजे मुंबईहून सुट्टीत गावी जायचं तर वाटेत माणगाव आलंच आणि माणगाव आलं की ट्रॅफिक आलंच. एसटीत तासन्‌तास अडकून तिथल्या वडापाववाल्यांचे चेहरे मला पाठ झालेत, पण त्याच माणगावात व्हिक्टोरिया क्रॉसवाले, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले, सैन्यात नाईक हुद्द्यावर असलेले यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे हे मला कधी कळलं, तर इटलीत पेरुजाला शिकायला आल्यावर, तेही एका इटालियन मुलीकडून. लाज वाटली ना राव. दुसऱ्या महायुद्धात ते इथेच, इटलीत लढताना गेले आणि मोंतोने गावात त्यांचं स्मारक आहे. म्हणून एका रविवारी निघालो मोंतोनेला.

मोंतोने टेकडीवर. इथली जुनी गावं सगळी टेकडीवरच, शत्रू चढताचढताच दमावा म्हणून बहुतेक. मी दमलो. रायगड पायऱ्यांनी चढलेला माणूस मी, पण तिथे वर पिठलं-भाकरी असते, इथे दुपारी सगळी दुकानं शटर ओढून झोपलेली.

घाडगेंच्या नावाने इथे 2023 साली सूर्यघड्याळ बसवलंय. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असं त्यावर लॅटिनमध्ये आहे. त्या दिवशी सूर्यच नव्हता.

खाली तेवेरे नदीचं खोरं दिसत होतं. 10 जुलै 1944 ला इथेच कुठेतरी शत्रूच्या मशीनगनपुढे घाडगेंच्या सेक्शनमधली, म्हणजे छोट्या तुकडीतली, सगळी माणसं पडली, हे एकटे उरले, तसेच धावत गेले, ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपून मारलं आणि मग स्नायपरच्या गोळ्या लागून स्वतः गेले. वय 22. मी 23 चा, आणि सकाळपासून बूट चावतोय म्हणून कुरकुरत होतो.

घड्याळावर सावली नाही, फोन मेलेला, त्यामुळे बस गेली. रविवारची पुढची बस म्हणजे सोमवारची.

वेशीबाहेर चार आजोबा बोच्चे खेळत होते. बोच्चे म्हणजे आपल्या गोट्याच, फक्त सोललेल्या नारळाएवढ्या नि किलोभराच्या. आधी लिंबाएवढा पल्लीनो टाकायचा, मग त्याला जास्तीत जास्त खेटून आपला गोळा न्यायचा, आणि कोणाचा जवळ यावर भांडण जुंपलं की खिशातून टेप निघते. मी बसचं विचारलं, त्यांनी देश विचारला. इंदिया म्हटल्यावर एकाने वर बोट दाखवलं, "गाद्गे?" मी म्हटलं हो, त्यांच्या जवळचाच. आता जवळ म्हणायला मी वापरला शब्द विचीनो, ज्याचा अर्थ शेजारी पण होतो. झालं! घाडगेंचा शेजारी म्हणून चौघांनी टोप्या काढल्या आणि माझ्या हातात गोळा दिला.

तालुक्याच्या इज्जतीचा प्रश्न. लहानपणी गल्लीत टाकायचो तशी अंडरआर्म टाकली. पल्लीनो राहिला बाजूला, गोळा फळी ओलांडून थेट पलीकडच्या फियाट पांडाच्या बंपरवर. ठण्ण! पांडा सगळ्यात म्हाताऱ्या आजोबांची. त्यांनी बंपरवरनं हात फिरवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, बस गाडीत, स्टेशनला सोडतो.

वाटेत त्यांनी विचारलं, तुमच्याकडचा पुतळा कसाय? मी न बघताच म्हटलं, बेल्लिस्सिमो, एकदम सुंदर. आजोबा इतके खूश झाले की दोन्ही हात सोडून बोलायला लागले, पुढे वळणं, खाली दरी, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माणगावच्या ट्रॅफिकची मनापासून आठवण आली.