बिबट्या केळीत, मी म्युनिकमध्ये

चोपड्याकडच्या आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सध्या एकच वाद पेटलाय. केळीत बिबट्या दिसला, तर सरकार त्याला मारू का देत नाही? माणूस घाबरला की असं बोलतो, म्हणून मी गप्प होतो. मग एकाने लिहिलं, "परदेशात असं चालतं का? जनावरं बघायची तर आफ्रिकेत जा. आपल्या सातपुड्यात उरलंय काय?"

परदेशात काय चालतं ते ऐका. इथे जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात शेवटचं रानटी अस्वल 1835 मध्ये मारलं गेलं. त्यानंतर थेट 2006 मध्ये इटलीकडून आल्प्स ओलांडून एक तरणं अस्वल आलं. लोकांनी त्याला ब्रुनो म्हटलं. त्याने मेंढ्या मारल्या, मधमाश्यांच्या पेट्या फोडल्या आणि जूनमध्येच त्याला गोळी घातली गेली. आता ते म्युनिकच्या नुम्फेनबुर्ग राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरून ठेवलंय. रविवारी पोरं बघायला जातात. एवढ्या श्रीमंत राज्याला एक अस्वल झेपलं नाही, आणि त्यांचा दाखला तुम्ही मला देता?

सातपुड्यात रानपिंगळा उरलाय. 1884 नंतर त्याचा खात्रीचा पत्ता नव्हता, पक्षीतज्ज्ञांनी आशा सोडली होती. 1997 च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो आपल्या शहाद्याजवळ दिसला, 113 वर्षांनी! वीतभर पक्षी, पण घुबडाच्या जातीचा असून भरदिवसा उघड्या फांदीवर ऐटीत बसतो. भारताबाहेर कुठेच नाही. आणि ज्याला तुम्ही केळीतलं संकट म्हणता तो बिबट्या आफ्रिकेच्या माळावर राहतो, रशियाच्या अतिपूर्वेकडच्या बर्फात दाट केसांचा होऊन राहतो आणि मुंबईच्या कडेलाही राहतो. आफ्रिकेत जाऊन पैसे मोजून बघायचा तो हाच. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! आपले पावरा-भिल्ल वाघदेवाला पूजतात, त्यांना हे शिकवायला कुणी जावं लागलं नाही.

हे सगळं लिहिलं, तर गटातल्या नानांचं एका ओळीत उत्तर आलं: "तुले काय, तू तठे बसेल शे."

ते मला लागलं, कारण खरं आहे. शेतीची वीज रात्री येते. मोटार चालू करायला बॅटरी आणि काठी घेऊन केळीत नाना जातात, मी नाही. मी रात्री अकराला यू-बानमधून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, एकटा घरी येतो, तेव्हा मागे वळून पाहावं लागत नाही. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, पण त्या बागेतल्या अंधारात मी कधी उभा राहिलेलो नाही, आणि हे नानांना माहीत आहे.

तरी बिबट्याला मारू द्या म्हणणाऱ्या कुठल्याही अर्जावर मी सही करणार नाही. पंपाला दिवसा वीज द्या, गोठे बंदिस्त करायला पैसे द्या, वासरू गेलं तर भरपाई वेळेत द्या, असा अर्ज नानांनी लिहावा. त्यावर पहिली सही माझी.