इमामसाहेबांनी अजून किती मुलं द्यायची?

परवा 'शोले' पुन्हा पाहिला. घोड्यावरून मुलाचं प्रेत गावात येतं आणि आंधळे इमामसाहेब चाचपडत त्याच्यापर्यंत पोचतात. गाव हाय खातं, पण तेच म्हणतात, गावासाठी शहीद व्हायला मला आणखी मुलं का दिली नाहीस, हे आज खुदाला विचारणार आहे. लहानपणी इथे मी ढसाढसा रडलो होतो. आताही रडू आलं, पण एक प्रश्न काही पाठ सोडेना. भलेपणाची एवढी किंमत याच माणसाकडून का घेतली?

1975 चे इमामसाहेब आणि 1999 च्या 'सरफरोश'मधला इन्स्पेक्टर सलीम, हिंदी सिनेमातल्या या दोन्ही मुसलमानांना आधी आपली निष्ठा सिद्ध करावी लागते. ही तपासणी सिनेमाने शोधलेली नाही. जेम्स मिल नावाच्या ब्रिटिश लेखकाने भारतात पाऊलही न ठेवता 1817 मध्ये आपला इतिहास लिहिला आणि त्याचे हिंदू, मुसलमान, ब्रिटिश असे तीन तुकडे केले. पुढे हेन्री इलियट या ब्रिटिश अधिकाऱ्याने फारसी बखरींमधले उतारे निवडून भाषांतरित केले. हेतू त्याने प्रस्तावनेतच सांगून टाकलाय: आमचं राज्य किती सौम्य आहे, हे इथल्या प्रजेला कळावं. त्यासाठी आधीचे सुलतान जेवढे क्रूर दिसतील तेवढे बरे! आपली पाठ्यपुस्तकं याच वाटेने गेली. त्यामुळे 2018 च्या 'पद्मावत'मध्ये मोकळ्या केसांनी मांस ओरबाडणारा खिलजी आला, तेव्हा तो आपल्याला ओळखीचाच वाटला. त्याच्याच दरबारात कवी अमीर खुसरो होता, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

'चौदहवीं का चाँद', 'मेरे मेहबूब' या जुन्या सिनेमांतल्या मुसलमान घरांमधले शेरवानी, चिलमनचे पडदे आणि शायरी मला मनापासून आवडतात. पण तोही साचाच, फक्त अत्तर लावलेला. काश्मीरमधल्या दहशतवादावरच्या 'रोजा'नंतर पडद्यावरच्या मुसलमानाच्या हातात बंदूक आली, तो सगळा भाग तुम्हाला ठाऊकच आहे.

म्हणून मला दिग्दर्शक एम. एस. सथ्यूंचा 'गर्म हवा' पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो. बलराज साहनींचा सलीम मिर्झा आग्र्यात चपलाबुटांचा कारखाना चालवतो. फाळणी झालीय. हा उद्या पाकिस्तानात निघून गेला तर पैसे कोण फेडणार, या शंकेने त्याला कर्ज मिळत नाही. साहनी तिथे आवाज चढवत नाहीत, भाषण करत नाहीत. घरी म्हातारी आई आहे, लग्नाची मुलगी आहे, ऑर्डर पुरी करायचीय. देशासाठी मरून दाखवायला त्याला सवड नाही.

असा मिर्झा मला पडद्यावर अजून पाहायचाय. चपला शिवणारा, थकून घरी येणारा.