‘सगळं बंद करा, मग इन्स्टॉल करा’ : व्हॉइसमेल सर्व्हरच्या एका फॉरवर्डला उत्तर

हा फॉरवर्ड मला आतापर्यंत चार जणांनी पाठवलाय. एक भोसरीचे वर्कशॉपवाले, एक टिळक रोडवरच्या क्लासचा मॅनेजर आणि दोघे माझ्यासारखेच, छोट्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळणारे. मथळा ‘व्हॉइसमेल सर्व्हर १५ मिनिटांत’. मजकूर असा: सेंटओएस ७ टाका, तीच सगळ्यात स्टेबल. फायरवॉल बंद करा, नाहीतर आवाज येत नाही. सेलिनक्स डिसेबल करा. ॲस्टरिस्कच्या सगळ्या फोल्डरांना ७७७ परवानगी द्या आणि रूटनेच चालवा. अपडेट कायमचे बंद. रॅम १६ जीबी हवी, डिस्क कितीही चालेल. खाली हात जोडलेले. (नवख्यांसाठी: फोन उचलला नाही तर समोरच्याचा निरोप रेकॉर्ड करतो तो व्हॉइसमेल, आणि ते काम करणारं सॉफ्टवेअर म्हणजे ॲस्टरिस्क. सेंटओएस ही एक लिनक्स ओएस, सेलिनक्स हा तिच्यातला कोणत्या प्रोग्रामने कशाला हात लावायचा ते ठरवणारा पहारेकरी. ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, रूट म्हणजे सर्वाधिकारी युजर.)

ज्याने हे लिहिलं त्याने थापा मारल्यात असं मला वाटत नाही. यातली प्रत्येक ओळ म्हणजे कुठेतरी, कुणीतरी, रात्री दोन वाजता अडचणीत सापडून केलेला उपाय आहे. उपाय लागू पडला, फोन वाजला, माणूस झोपला. अडचण काय होती ते मात्र फॉरवर्डमध्ये उरलं नाही, नुसती कुऱ्हाड उरली. म्हणून प्रत्येक ओळीमागची मूळ अडचण सांगतो.

सेंटओएस ७ पासून सुरू करू, कारण ते लगेच संपतं. तिचा सपोर्ट ३० जून २०२४ला संपला. आज नवीन टाकलीत तर पॅकेजं उतरवणाऱ्या यमच्या पहिल्याच कमांडला मिररचा, म्हणजे पॅकेजं ठेवणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता सापडत नाही असं उत्तर येईल. स्टेबल होती हे खरं, पण आता तिच्या त्रुटी कुणी बुजवत नाही. फ्रीपीबीएक्स १७ (वेब पॅनेलसकट ॲस्टरिस्क) डेबियन १२ या लिनक्सवर बसतं, तो सरळ रस्ता. नुसतं ॲस्टरिस्क हवं असेल तर सम आकड्याची, म्हणजे २० किंवा २२, अशी लांब पल्ल्याची आवृत्ती सोर्समधून बांधा. लागणारी पॅकेजं हाताने शोधत बसू नका, ती टाकणारी स्क्रिप्ट सोर्सच्याच फोल्डरमध्ये असते.

आता फायरवॉल. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. फोन लागतो एसआयपीवर, म्हणजे कॉल जोडणाऱ्या सिग्नलिंगवर, बहुधा यूडीपी ५०६० पोर्टवरून. आवाज तिथून येत नाही. तो आरटीपी या आवाज वाहणाऱ्या प्रोटोकॉलच्या वेगळ्या पोर्टांवरून येतो, ॲस्टरिस्कच्या नमुना कॉन्फिगप्रमाणे १०००० ते २००००. लोक ५०६० उघडतात, टेस्ट कॉल करतात, ग्रीटिंग ऐकू येतं, बीप वाजतो, मेसेज ठेवतात. ऐकायला जावं तर निव्वळ शांतता. गंमत म्हणजे कधीकधी आवाज येतोसुद्धा! सर्व्हर आधी ग्रीटिंग बाहेर पाठवतो, फायरवॉल त्याची नोंद ठेवतो आणि त्याच पत्त्यावरून, त्याच पोर्टवरून उत्तर आलं तर आत सोडतो. ऑपरेटरने आवाज दुसऱ्या पत्त्यावरून पाठवला की दार बंद. म्हणून एका ऑपरेटरच्या लाइनवर चालतं, दुसऱ्याच्या नाही, आणि माणूस वैतागून फायरवॉलच उखडून टाकतो.

खरं तर एका कॉलला दोनच पोर्ट लागतात. एका वेळी २० कॉल आले तरी ४०. मग दहा हजार दारं कशाला उघडी ठेवायची? पल्ला १०००० ते १०२०० असा आवळा, ऑपरेटरकडून सिग्नलिंगचे आणि आवाजाचे असे दोन्ही पत्ते मागून घ्या (एकच यादी देतात, दुसरी मागावी लागते) आणि फक्त त्यांनाच आत येऊ द्या. सर्व्हर ऑफिसच्या राउटरमागे असेल तर ॲस्टरिस्कला बाहेरचा आयपी पत्ताही सांगावा लागतो, नाहीतर तो समोरच्याला आपला १९२.१६८वाला घरगुती पत्ता देतो आणि मेसेज पुन्हा मुका. आणि क्लाउडवर असाल, समजा अझुरच्या सेंट्रल इंडिया रीजनमध्ये, जे आपल्या पुण्यातच आहे, तर ओएसचा फायरवॉल बंद करून काहीही उघडत नाही. क्लाउडचा स्वतःचा पहारा बाहेर वेगळा असतोच.

फायरवॉल बंद ठेवला तर होतं काय, हे बघायला फार थांबावं लागत नाही. सार्वजनिक पत्त्यावर ५०६० उघडं ठेवा आणि लॉग वाचा. एक्स्टेंशन १००, १०१, १०२ असे पासवर्ड ठोकून बघणारे स्कॅनर हजर होतात. फेलटूबॅन (वारंवार चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याचा पत्ता अडवणारं टूल) लावा, चांगलं आहे, पण ते कडी तोडू बघणाऱ्याला हाकलतं. दार आधी लावलेलं हवं.

सेलिनक्सबद्दल फॉरवर्डवाल्याची बाजू घेतो. सेंटओएस ७वर फ्रीपीबीएक्स टाकायच्या अधिकृत सूचनांमध्येच ते डिसेबल करा असं लिहिलेलं होतं. तेव्हा हा सल्ला हवेतून आलेला नाही. पण रेड हॅटच्या, म्हणजे सेंटओएसच्याच, घराण्यातली नवी ओएस घेतलीत तर डिसेबलऐवजी परमिसिव्ह करा. त्यात ते अडवत नाही, फक्त काय अडवलं असतं ते लिहून ठेवतं. दोन दिवस मेसेज ठेवा, ऐका, पुसा, पिन बदला, मेल पाठवा. मग ऑडिट लॉग बघून नियम बनवा आणि पुन्हा एन्फोर्सिंग. डेबियनवर सेलिनक्स मुळात चालू नसतं, तिथे त्याच कामाचं ॲपआर्मर असतं. तरी माझ्या ओळखीच्या एकाने डेबियनवर सेलिनक्स आधी इन्स्टॉल केलं आणि मग डिसेबल केलं. फॉरवर्डमध्ये लिहिलं होतं ना!

७७७ आणि रूट. या ओळीचा मला खरंच राग येतो. मूळ अडचण अशी असते: कर्मचारी फोनवरून आपला पिन बदलतो, ॲस्टरिस्क तो नवा पिन व्हॉइसमेलच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहायला जातं, आणि फाइल रूटच्या मालकीची असेल तर लिहिता येत नाही. पिन टिकत नाही, तक्रार येते, कुणीतरी ७७७ मारतो. आता त्या फाइलमध्ये काय असतं? सगळ्यांचे पिन, साध्या अक्षरांत. आणि मेसेजच्या फोल्डरमध्ये प्रत्येक आवाजाशेजारी एक छोटी टेक्स्ट फाइल असते: कोणत्या नंबरवरून, कधी, किती सेकंद. ७७७ म्हणजे हे सगळं सर्व्हरवरच्या कुठल्याही प्रोसेसला वाचायला, बदलायला मोकळं.

त्यापेक्षा ‘ॲस्टरिस्क’ नावाचा वेगळा युजर करा, फोल्डरांची मालकी त्याला द्या आणि प्रोसेस त्याच्याच नावाने चालवा. सोर्समधून बांधलं तर सांगितल्याशिवाय ते रूटनेच चालतं, हे लक्षात ठेवा. वेब पॅनेलला मेसेज वाचायचे असतील तर ग्रुपची परवानगी पुरते. पिन कॉन्फिगऐवजी त्या त्या पेटीच्या (मेलबॉक्सच्या) फोल्डरमध्ये ठेवायचीही सोय आहे. आणि पिनची किमान लांबी ठरवा. ब्रिटनमधलं ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ २०११ साली बंद पडलं ते लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकल्याच्या प्रकरणामुळे. न बदललेला डीफॉल्ट पिन ही त्यातली एक सोपी वाट होती. आपल्याकडे निम्म्या पेट्यांचा पिन १२३४ असतो आणि उरलेल्यांचा एक्स्टेंशनचाच नंबर.

अपडेट बंद करा, ही ओळ पीआरआय कार्डवाल्यांकडून (फोन कंपनीची डिजिटल लाइन सर्व्हरला जोडणारं कार्ड) आली असणार. त्या कार्डाला डाहडी नावाचं, कर्नलमध्ये म्हणजे ओएसच्या गाभ्यात बसणारं, मॉड्यूल लागतं. रात्री कर्नल बदललं, मॉड्यूल नव्या कर्नलसाठी बांधलेलं नाही, सकाळी ऑफिसच्या सगळ्या लाइनी मेलेल्या. ज्याने हे भोगलंय तो आयुष्यभर अपडेटला घाबरतो, मी समजू शकतो. पण मग फक्त कर्नलचं पॅकेज थांबवून ठेवा, बाकीचे सुरक्षेचे अपडेट येऊ द्या. तुमची लाइन एसआयपी ट्रंकची, म्हणजे कार्डाऐवजी नेटवर्कवरून येणारी, असेल तर डाहडी लागतच नाही, व्हॉइसमेलचं त्याच्यावाचून अडत नाही. ऑगस्ट २०२५मध्ये फ्रीपीबीएक्समधल्या एका गंभीर त्रुटीतून इंटरनेटवर उघडी असलेली ॲडमिन पॅनेलं फोडली गेली. ज्यांनी अपडेट ‘कायमचे’ बंद केले होते, त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी?

रॅम आणि डिस्कची ओळ बरोबर उलटी आहे. तीस पेट्यांचं एक ऑफिस मी २ जीबी रॅमवर चालवतो. डिस्कचा हिशेब मात्र मांडा. फोनचा आवाज सेकंदाला ८००० नमुने, साध्या वेव्ह फाइलमध्ये प्रत्येकी २ बाइट, म्हणजे मिनिटाला ९६० केबी. जीएसएम या दाबलेल्या फॉरमॅटमध्ये तेच मिनिट ९९ केबीत बसतं. तीस पेट्या, रोज प्रत्येकी एकेका मिनिटाचे आठ मेसेज धरले तर वेव्हचे दिवसाला २३० एमबी होतात. नमुना कॉन्फिगमध्ये तीन फॉरमॅट एका ओळीत दिलेले असतात. ते तसेच ठेवले तर प्रत्येक मेसेज तीनदा लिहिला जातो. कुणी साफच केलं नाही तर १०० मेसेजांच्या डीफॉल्ट मर्यादेमुळे पेटी तेराव्या दिवशी भरते. मग मर्यादा हजारांत नेली जाते आणि खरी गडबड तिथे सुरू होते. मेसेज आणि लॉग साठतात त्या व्हार फोल्डरचं पार्टिशन वेगळं ठेवा, नाहीतर ते मिळून ओएसची मुख्य डिस्क भरतात आणि अख्खं मशीन बसतं. सोर्समधून बांधताना जुने लॉग साफ करणाऱ्या लॉगरोटेटची फाइल वेगळ्या कमांडने टाकावी लागते, तेही बरेच जण विसरतात.

फॉरवर्डमध्ये नसलेली एक गोष्ट माझ्याच हातून राहिली होती. कोथरूडच्या एका डेंटिस्टकडे क्लाउडवर सर्व्हर उभा केला, सगळं नीट चाललं. आठवड्याने त्यांचा फोन: ‘अहो, माझे पेशंट पहाटे पावणेचारला का फोन करतायत?’ सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, होता. सकाळी सव्वानऊचा मेसेज पावणेचारचा म्हणून वाचला जात होता. टाइमझोन आशिया/कोलकाता, घड्याळ जुळवायला क्रोनी, एवढंच करायचं होतं. आणि मेसेज ईमेलने जाणार असतील तर सर्व्हरवरून थेट २५ पोर्टने पाठवू नका. मोठे क्लाउडवाले तो अडवतात, आणि गेलाच तर स्पॅममध्ये पडतो. ५८७ वरून एखाद्या मेल सेवेमार्फत पाठवा.

हे सगळं झाल्यावर सर्व्हर एकदा रीबूट करा आणि मोबाइलवरून, ऑफिसच्या वायफायवरून नव्हे, फोन लावून मेसेज ठेवा.

भोसरीवाल्यांना हे फोनवर सांगितलं. शेवटपर्यंत ऐकून ते म्हणाले, ‘म्हणजे पंधरा मिनिटांत होत नाही?’ म्हटलं, ओएस टाकायला तेवढी लागतात, बाकीला एक दुपार. ‘मग गुरुवारी या,’ म्हणाले, ‘कारखाना बंद असतो.’