इंजिन चालू ठेवून बॅटरी बदला म्हणे!

जुन्या गाडीच्या बॅटरीबद्दलचा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. म्हणणं थोडक्यात असं, की एएच (अँपियर-अवर, बॅटरीचा साठा) जेवढे जास्त तेवढी बॅटरी भारी, बदलताना इंजिन चालूच ठेवायचं म्हणजे रेडिओचा कोड आणि सेटिंग जात नाही, नवीन बॅटरी फुल चार्जच असते, मेंटेनन्स फ्री घेतली की बोनेट उघडायलाच नको, आणि अख्खं काम पाच मिनिटांचं. खाली "मेकॅनिक हे कधी सांगणार नाहीत" असं ठोकून दिलंय. नाहीच सांगणार, कारण यातलं बरंचसं अर्धवट आहे आणि एक तर सरळ गाडीची वाट लावणारं आहे.

त्या एकापासूनच सुरू करू. गाडी चालू असताना अल्टरनेटर करंट बनवतोय, बॅटरी तो झेलतेय आणि चढउतार सांभाळतेय. मधेच टर्मिनल उचललं की त्या करंटला जायला जागाच उरत नाही, रेग्युलेटरला आवरायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात व्होल्टेज असं उसळतं की संरक्षण नसलेल्या १२ व्होल्टच्या सिस्टीममध्ये ते ८० ते १०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतं. याला लोड डंप म्हणतात. यात अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात, ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, जाऊ शकतो आणि ज्याच्या कोडसाठी एवढा उपद्व्याप केला तो रेडिओही जाऊ शकतो. यावर "पूर्वी सगळे असंच करायचे" हे उत्तर येतंच. करायचे, खरंय. डायनामो आणि कार्ब्युरेटरच्या गाड्यांत जळण्यासारखं फार काही नव्हतं म्हणून निभावून जायचं. पण तुमची गाडी जुनी असली तरी फ्युएल इंजेक्शनची आहे ना, मग ईसीयू आहे आणि तो स्वस्तात येत नाही. वर चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, टर्मिनल सुटताना ठिणगी पडते, पुढचं तुम्हीच समजा. कोड जपायचाय तर आधी लिहून ठेवा, नाहीतर मेमरी सेव्हर (बॅटरी काढली तरी गाडीला थोडा करंट देत राहणारं छोटं यंत्र) लावा, फक्त मग सुटलेल्या पॉझिटिव्ह वायरमध्ये करंट असतो हे विसरू नका, तिच्या टोकाला जाड रबर नाहीतर कोरडं कापड गुंडाळून बाजूला ठेवा.

आता एएच. एएच म्हणजे साठा किती ते, सेल्फ मारताना लागतो तो झटका वेगळा, आणि तो सीसीएवरून (कोल्ड क्रँकिंग अँप्स) कळतो. अमेरिकन एसएई पद्धतीत उणे १८ अंशांत ३० सेकंद, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता बॅटरी किती अँपियर देते तो आकडा म्हणजे सीसीए. युरोपियन ईएन पद्धतीची टेस्ट वेगळी, त्यामुळे एका लेबलवरचा एसएई आकडा दुसरीवरच्या ईएन आकड्याशी जुळवत बसू नका. जाड प्लेट्सच्या डीप सायकल बॅटरीत एएच भरपूर असतात पण तेवढ्याच आकाराच्या स्टार्टिंग बॅटरीसारखा झटका ती देत नाही, म्हणून "सोलरची पडलीय तीच लावतो" वाल्यांनी जरा थांबा. याउलट जास्त एएचने अल्टरनेटर जळतो किंवा जास्त सीसीएने सेल्फ जळतो असं सांगणारेही आहेत, तेही चूक, सेल्फ त्याला लागेल तेवढाच करंट ओढतो. थोडी मोठी बॅटरी चालते, पण ट्रेमध्ये बसली पाहिजे! उंची जास्त झाली आणि बोनेट खाली येऊन पॉझिटिव्ह टर्मिनलला टेकलं की थेट शॉर्ट. टर्मिनल डावीकडे-उजवीकडे उलटी असतील तर वायर पोचत नाही, मग लोक ती ताणतात, मग ती कशावर तरी घासते. तेव्हा मॅन्युअलमधला आकडा, जुन्या बॅटरीचं माप आणि टर्मिनलची बाजू एवढं जुळवा, बास.

नवीन म्हणजे फुल, हे तर कुठून आलं कळत नाही. बॅटरी नुसती पडून राहिली तरी उतरते. मेक डेट बघा आणि मल्टिमीटर लावा, १२.६ च्या आसपास पाहिजे, १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्जरवर लावा. अर्धा तास फिरवून आणली की झाली, असंही नाही, शेवटचा २० टक्के चार्ज फार हळू भरतो, त्याला तास लागतात.

मेंटेनन्स फ्री म्हणजे पाणी टाकायचं नाही, एवढंच. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर तिलाही धरते.

आणि पाच मिनिटांचं काम. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. कारण निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर पाना लाल होतो, पाच मिनिटं तिथंच संपली. वायरीच्या टोकांवर खाण्याच्या सोड्याचं पाणी टाका, पुसा, आतून चकचकीत करा, घट्ट बसवा आणि व्हॅसलिन वरून लावा. खालचा क्लॅम्प "नंतर बघू" म्हणून सोडू नका, हलत्या बॅटरीत प्लेट्सवरचा माल झडतो आणि आतल्या आत शॉर्ट होतो. शेवटी इंजिन चालू करून व्होल्टेज बघा, साधारण १३.८ ते १४.५ हवं. त्याहून कमी असेल तर नवी बॅटरीही हळूहळू उतरणार आणि १५ च्या वर गेलं तर उकळून मरणार, दोन्हीत दोष तिचा नाही.

एवढं करूनही सेल्फ कण्हत असेल तर मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिन ब्लॉकवर ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या वर दाखवलं तर दुकानात भांडायला जायच्या आधी अर्थची वायर बदला.