रीटेलिंग रोमान्सवर एवढा राग कशाला? एकेक आरोप घेऊन बघू

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय आणि चांगल्या वाचणाऱ्या लोकांनीही तो पुढे ढकललाय, म्हणून लिहावंसं वाटलं. सारांश असा की परीकथा, पुराणं आणि गाजलेलं जुनं साहित्य घेऊन त्यांच्या लव्हस्टोऱ्या करणाऱ्या ज्या कादंबऱ्या आहेत ना, रीटेलिंग म्हणतात त्यांना, ती सगळी आळशी लेखकांची दुकानदारी आहे. कारणं काय तर गोष्ट आयती उचललेली, मूळ शुद्ध कथेत प्रेमाचा मसाला घुसडलेला, शेवट आधीच माहीत, वाचणारे मूळ ग्रंथाला हात लावत नाहीत, आणि वरून राक्षसांना नि मुली पळवणाऱ्यांना हिरो केलेलं.

आयत्या गोष्टीचं आधी बघू. आयत्या बिळावर नागोबा म्हणायचंच असेल तर सुरुवात शेक्सपियरपासून करा. रोमिओ-ज्युलिएट ही त्याची स्वतःची गोष्ट नाहीच, आर्थर ब्रुक नावाच्या कवीने 1562 मध्ये ती लांबच लांब कवितेत लिहिली होती आणि त्यानेही ती इटलीतून फ्रेंचमार्गे आलेल्या कथेवरून घेतली होती. शेक्सपियरने काय केलं, तर ब्रुककडे महिनोन्‌महिने रेंगाळणारं प्रकरण चार-पाच दिवसांत उरकलं, सोळा वर्षांची ज्युलिएट चौदाही पूर्ण न झालेली केली, आणि तिथेच सगळा जीव घुसमटायला लागतो. कालिदासाचं तेच. महाभारतातल्या शकुंतलेच्या गोष्टीत अंगठी नाही, दुर्वासाचा शाप नाही, दुष्यंत तिला बरोब्बर ओळखतो आणि भर दरबारात सरळ नाही म्हणतो. कालिदासाने शाप आणला आणि हिरोला वाचवलं, म्हणजे आजची रोमान्स लेखिका करते तेच की. (मला स्वतःला महाभारतातली शकुंतला जास्त आवडते, लग्नाआधीच ‘माझा मुलगा युवराज झाला पाहिजे’ ही अट घालणारी आणि दरबारात राजाला फाडून खाणारी. पण ते असो.) आणि खांडेकरांची ‘ययाति’ 1959 ची, पुढे ज्ञानपीठापर्यंत गेली, तिथे तरी कथा कुठे घरची होती?

मग तो ‘शुद्ध मूळ कथे’चा मुद्दा, आणि इथे मला खरं तर सगळ्यात जास्त बोलायचंय. मूळ म्हणजे कोणतं? सिंड्रेला घ्या. नवव्या शतकात चीनमध्ये लिहून ठेवलेली एक गोष्ट आहे, येशिएन नावाच्या मुलीची, तिच्यात माशाची हाडं इच्छा पुरी करतात आणि जोडा सोन्याचा आहे. सतराव्या शतकात इटलीतल्या बाझिलेने लिहिली त्यात तर ही बिचारी पोरगी स्वतः पेटीचं झाकण आपटून सावत्र आईची मान मोडते. काचेचा जोडा, भोपळ्याची गाडी आणि परी हे फ्रान्समधल्या शार्ल पेरोचं काम, 1697. ग्रिम बंधूंनी 1812 मध्ये छापली त्यात परी गायब, आईच्या थडग्यावरचं झाड कपडे देतं आणि बहिणी जोड्यात पाय बसावा म्हणून अंगठा नि टाच कापतात. आता यातली कुठली शुद्ध आणि कुठली भेसळ ते मेसेजवाल्यांनी सांगावं.

आपल्याकडचं उदाहरण तर घरातच आहे. सुभद्राहरण. महाभारतात अर्जुन रैवतकाच्या उत्सवात सुभद्रेला बघतो, कृष्णच सांगतो की स्वयंवराचा काही भरवसा नाही, सरळ पळवून ने, आणि तो नेतो. सुभद्रेला काय वाटतं हे कुणी विचारतच नाही, दोन पुरुषांत बोलणं होतं आणि रथ निघतो. भागवतात येऊन बघा, गोष्ट बदललीय. बलरामाला तिला दुर्योधनाला द्यायचीय, अर्जुन संन्यासी बनून द्वारकेत येतो, पावसाळ्याचे महिने तिथेच काढतो, आणि मुख्य म्हणजे आता तिचंही मन त्याच्यावर बसलंय हे भागवत स्पष्ट सांगतं. मग 1882 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्कर ‘संगीत सौभद्र’ लिहितात आणि सुभद्रा आधीपासूनच अर्जुनाच्या प्रेमात, घरच्यांनी भलतंच ठरवल्यामुळे रडकुंडीला आलेली, कृष्ण पडद्यामागून सूत्रं हलवणारा, आणि बलरामदादा त्या ढोंगी संन्याशाच्या सेवेला बहिणीलाच पाठवतो, अशी धमाल प्रेमकथा होते. म्हणजे जिला कुणी विचारलं नव्हतं तिला आधी मन मिळालं, मग आवाज मिळाला, तोही गाता. याला मसाला घुसडणं म्हणायचं असेल तर मराठी रंगभूमीचं निम्मं वैभव मसाल्यावर उभं आहे.

आणि हो, प्रेम नंतर घुसडलं म्हणता, पण पेरोच्याच काळात पॅरिसच्या बैठकींतून परीकथा लिहिणाऱ्या बायका, मादाम दोल्नुआसारख्या, त्या मोठ्यांसाठीच लिहीत होत्या आणि विषय प्रेम नि लग्न हेच होते. तिचं स्वतःचं लग्न कोवळ्या वयात एका कितीतरी मोठ्या बॅरनशी लावून दिलेलं, त्यामुळे तिच्या गोष्टींतल्यासारखं नवरा म्हणून जनावर गळ्यात पडणं हा तिच्या जगात निव्वळ कल्पनेचा खेळ नव्हता.

शेवट माहीत असतो म्हणे. अहो रोमान्समध्ये शेवट नेहमीच माहीत असतो, नवी कोरी गोष्ट असली तरी. ते दोघं एकत्र येणार यासाठीच तर पुस्तक घेतलेलं असतं, मजा ‘कसे’ यात आहे. उलट रीटेलिंगमध्येच खरी पंचाईत होते, कारण कित्येक मूळ गोष्टींचा शेवट गोड नाहीये. अँडरसनच्या 1837 च्या जलपरीची जीभ कापलेली आहे, प्रत्येक पावलाला सुऱ्यांवर चालल्यासारखं दुखतंय आणि राजपुत्र लग्न दुसरीशी करतो, आता यातून हॅपी एंडिंग काढून दाखवा! किंवा बर्नार्ड शॉचं नाटक ‘पिग्मॅलियन’, म्हणजे ज्यावरून पु.लं.नी ‘ती फुलराणी’ केलं ते. शॉला फुलवाली एलायझा आणि तिला शुद्ध बोलायला शिकवणारा हिगिन्स यांचं जुळवायचं नव्हतंच, तरी 1914 मध्ये लंडनला हिगिन्स करणारा नट शेवटी तिच्याकडे फुलं फेकायला लागला, शॉ वैतागला आणि तिचं लग्न तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी होतं हे त्याने पुढे पुरवणी जोडून लिहून टाकलं. तरी लोक त्या दोघांचं जुळवत राहिले ते राहिलेच.

मूळ वाचत नाहीत, यावर जास्त काय बोलणार. मेसेज लिहिणाऱ्याने भागवताचा दशम स्कंध वाचलाय का ते आधी कळू दे. ‘जेन एअर’मधल्या माळ्यावर कोंडलेल्या बायकोची बाजू जीन ऱ्हीसने 1966 मध्ये लिहिली, ती वाचून मूळ कादंबरी परत उघडावीशी वाटतेच वाटते.

आता राक्षस आणि पळवापळवी. इथे मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, म्हणून जास्त राग येतो, कारण निशाणा चुकलाय. ब्यूटी अँड द बीस्ट ही गोष्ट व्हिलनव नावाच्या लेखिकेने 1740 मध्ये लिहिली आणि 1756 मध्ये बोमाँने छोटी केली. बोमाँचा बीस्ट रोज रात्री जेवताना विचारतो, माझ्याशी लग्न करशील का, ती नाही म्हणते, तो उसासा टाकून निघून जातो. पहिल्याच रात्री तो तिला सांगतो की इथली मालकीण तू आहेस, जा म्हणालीस तर मी उठून जाईन. या राक्षसाकडून बऱ्याच हिरोंनी शिकावं. याउलट बाझिलेने लिहिलेल्या स्लीपिंग ब्यूटीच्या गोष्टीत झोपलेल्या मुलीला राजा ती झोपेत असतानाच भोगतो आणि तिला झोपेतच जुळी होतात. पेरोने तो प्रकार काढून टाकला. म्हणजे बाईची संमती बघून जुन्या गोष्टी दुरुस्त करणं ही आजची फॅशन वगैरे नाही.

रीटेलिंगवाले फसतात ते कुठे सांगू? ग्रीक पुराणातला पाताळाचा देव हेडीस आणि त्याने पळवलेली पर्सेफनी यांच्यावर हल्ली रोमान्सचा पूर आलाय. जुन्या ग्रीक स्तोत्रात ती फुलं तोडत असते, जमीन फाटते, हेडीस तिला ओढून नेतो, ती ओरडते, आणि हे सगळं तिच्या बापाच्या, झ्यूसच्या परवानगीने. नव्या कादंबऱ्यांमध्ये ती स्वतःच्या मर्जीने जाते, ठीक आहे, माझी काहीच हरकत नाही. पण मग संघर्षाला कुणीतरी लागतं, म्हणून तिच्या आईला, धान्याची देवी डिमीटरला, खलनायिका करतात, पोरीला कोंडून ठेवणारी, कटकटी, जळकी. मूळ स्तोत्र त्या आईचं आहे हो! ती नऊ दिवस मशाली घेऊन अन्नपाण्याशिवाय भटकते, शेवटी पृथ्वीवर धान्य उगवणं बंद पाडते, तेव्हा कुठे देवांना जाग येते. बापाने परस्पर व्यवहार केला तो नामानिराळा आणि शोधत फिरलेली आई व्हिलन, हा बदल कशासाठी केला ते मला एकाही लेखिकेने पटवून दिलेलं नाही. यावर कुणी टीका लिहीत असेल तर लिहा, मी स्वतः फॉरवर्ड करेन.