कॉलची यादी मागवणं सोपं, वाचणं अवघड

एखादा गुन्हा गाजायला लागला की दुसऱ्याच दिवशी कुणीतरी म्हणतंच, "कॉल डिटेल्स काढा, लगेच सोक्षमोक्ष लागेल." आणि सरकारनं कुणाचे कॉल डिटेल्स काढले म्हणून ओरड झाली की हीच मंडळी म्हणतात, "नुसते नंबर तर आहेत, बोलणं थोडंच ऐकलंय?" मला या दोन्ही वाक्यांचा वैताग येतो. अमेरिकेतले दोन खटले सांगतो, योगायोगानं दोन्ही बाल्टिमोरचे.

पहिला १९७६चा. एका बाईला लुटलं. मग तिला धमकीचे आणि अश्लील फोन यायला लागले. करणारा म्हणायचा, मीच तो लुटारू. एकदा त्यानं तिला घराबाहेर यायला सांगितलं. ती व्हरांड्यात आली तर लुटीच्या वेळी पाहिलेली तीच मॉन्टे कार्लो गाडी समोरून सावकाश निघून गेली. पोलिसांना पुढे ती गाडी दिसली, नंबर प्लेटवरून मालक मिळाला. मग त्यांनी वॉरंट न घेताच टेलिफोन कंपनीला सांगून एक्स्चेंजमध्ये 'पेन रजिस्टर' बसवून घेतलं. हे यंत्र बोलणं ऐकत नाही, फिरवलेला नंबर तेवढा टिपतं. त्याच दिवशी त्या माणसाच्या घरून तिला फोन गेला. झडतीत डिरेक्टरी सापडली, तिच्या नावाचं पान दुमडलेलं.

तपास म्हणून याला नावं ठेवायला जागा नाही. पण प्रश्न वॉरंटचा होता, आणि 'स्मिथ विरुद्ध मेरीलँड' म्हणून तो सुप्रीम कोर्टात गेला. १९७९ साली ५ विरुद्ध ३ असा निकाल लागला: नंबर तुम्ही आपणहून कंपनीला देता, मग तो खासगी कसला? आरोपीचा एक मुद्दा मला आजही पटतो. लोकल कॉलची नोंद बिलावर येतच नव्हती, मग कंपनी ती ठेवते हे गिऱ्हाइकानं का धरून चालावं? कोर्टानं तो उडवून लावला. एका लाइनच्या, एका दिवसाच्या नोंदीवरून दिलेला हा निकाल पुढे इतका ताणला गेला की देशभरातल्या कोट्यवधी लोकांच्या कॉलच्या नोंदी रोज सरकारजमा करण्याचं समर्थनही त्याच्याच आधारे झालं. २०१३ साली एडवर्ड स्नोडेन या अमेरिकन गुप्तचर संस्थेच्या कंत्राटी कर्मचाऱ्यानं ते बाहेर काढलं तेव्हा कुठे लोकांना कळलं.

सबपीना, म्हणजे कागदपत्रं हजर करण्याचा हुकूम, जातो कंपनीला, तुम्हाला नाही. बऱ्याचदा त्याच्यावर न्यायाधीशाची सहीही लागत नाही. कंपनी यादी काढून देते आणि ज्याची यादी त्याला पत्ताही नसतो. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेला मे २०१३ मध्ये कळलं की आपल्या २० हून जास्त लाइन्सचे आदल्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांतले कॉल न्याय खात्यानं केव्हाच नेलेत. वृत्तसंस्थेच्या एका बातमीतली सरकारी माहिती कुणी फोडली हे शोधायचं होतं. त्यासाठी बोलणं ऐकायची गरजच काय? बातमीदारानं कुणाला फोन केला एवढं कळलं की पुरे. आणि ज्यांचा त्या बातमीशी काडीचा संबंध नव्हता असे किती सूत्र त्या यादीत सापडले असतील, देव जाणे.

नंबरांत काय असतं हे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१६ साली छापून दाखवलं. ८२३ स्वयंसेवकांनी आपल्या फोनच्या नोंदी दिल्या, फक्त कोण-कुणाला-कधी-किती वेळ. त्यातल्या एकाला हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातून लांबलचक फोन आला होता. मग प्रयोगशाळेशी थोडं बोलणं, औषधाच्या दुकानाचे फोन, आणि घरी वापरायच्या हृदयठोके मोजणाऱ्या यंत्राच्या हेल्पलाइनला छोटे छोटे कॉल. निदान करायला वेगळा डॉक्टर कशाला हवा?

आता दुसरी बाजू. १९९९चा अदनान सय्यद खटला, माजी मैत्रिणीच्या खुनाचा. तो दोषी की निर्दोष, हे मी इथे सांगत बसत नाही. मला त्यातला एकच कागद महत्त्वाचा वाटतो. संध्याकाळी ७:०९ आणि ७:१६ ला त्याच्या मोबाइलवर दोन कॉल आले. त्या वेळी फोन ज्या टॉवरवर होता त्याच्या टप्प्यात लीकिन पार्क येत होतं, जिथे तिचा मृतदेह पुरलेला सापडला. सरकारी पक्षानं यावर जोर दिला. गंमत अशी की यादीत या कॉलपुढे नुसतं 'इनकमिंग' लिहिलेलं, फोन कुणी केला याचा नंबरच नाही. त्याहून वाईट म्हणजे मोबाइल कंपनीच्याच फॅक्सच्या पहिल्या पानावर छापलं होतं की ठिकाण ठरवायला फक्त आउटगोइंग कॉल भरवशाचे, इनकमिंग धरू नयेत. बचावाच्या वकिलानं त्या पानावरून सरकारी पक्षाच्या मोबाइल तज्ज्ञाची उलटतपासणी घेतलीच नाही. २०१६ साली एका न्यायाधीशानं याच कारणावरून नवा खटला मंजूर केला, पण वरच्या कोर्टांनी सांगितलं की मुद्दा वेळेत मांडलेला नव्हता. झालं. कागद आपल्या जागी खरा, आणि कायद्याला त्याचा उपयोग शून्य.

टॉवर म्हणजे पत्ता नव्हे. फोन जवळचाच टॉवर पकडेल असंही नाही. गर्दी असली, आडवी टेकडी आली की लांबचा पकडतो. स्क्रीनवर दिसणारा नंबरही खोटा घालता येतो. मग माग काढायचा तर एकेका कंपनीला विचारत उलटं जावं लागतं, कारण प्रत्येकीला फक्त 'मला हा कॉल कुणी दिला' एवढंच माहीत असतं. साखळीतल्या एकीनं नोंद पुसली की खुंटलं.

२०१८ साली कार्पेंटर खटल्यात सुप्रीम कोर्टाला थोडी जाग आली. पोलिसांनी वॉरंटशिवाय मोबाइल टॉवरच्या नोंदींवरून एका माणसाची १२७ दिवसांतली १२,८९८ ठिकाणं मिळवली होती. ५ विरुद्ध ४ मतांनी कोर्ट म्हणालं, याला वॉरंट हवं. पण स्मिथच्या निकालाला हात लावला नाही. म्हणजे मी कुठे कुठे फिरलो हे काढायला वॉरंट, आणि हृदयाच्या डॉक्टरला कितीदा फोन केला हे काढायला नुसता सबपीना. वकील मित्रांपैकी कुणी हा फरक मला पटवून देणार असेल तर खुशाल द्यावा, मी ऐकायला तयार आहे.