म्हणे खुल्या विचारांचे!

"मी खुल्या विचारांचा आहे हं," असं आधीच जाहीर करणारा माणूस समोरच्याचं पहिलं वाक्यही पुरं होऊ देत नाही. "अहो, पण..." जिभेवर तयारच! ऐकतो कुठे? नुसती उत्तराची जुळवाजुळव चाललेली असते. मग आवाज चढतो, मुद्दा राहतो बाजूला आणि समोरच्याचं वय, शिक्षण निघतं.

वर "मी स्वतः अभ्यास केलाय" हे आहेच. अभ्यास कसला, आपल्याच मताला दुजोरा शोधायचा! पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं १९६० साली लोकांना २-४-६ हे आकडे देऊन त्यामागचा नियम ओळखायला सांगितला. बऱ्याच जणांनी ८-१०-१२ अशी आपल्या अंदाजात बसणारीच उदाहरणं तपासली, दरवेळी होकार मिळाला आणि "दोन-दोननं वाढतात" असं ठोकून दिलं. नियम होता फक्त चढत्या क्रमाचा. १-२-३ विचारलं असतं तरी अंदाज कोसळला असता. पण कोसळायला हवाय कुणाला?

समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत मांडा. तो "हो, हेच" म्हणेपर्यंत उत्तर देऊ नका. काय दिसलं तर माझं मत बदलेल, हे स्वतःला विचारा. उत्तर "काहीच नाही" असेल तर चर्चेचं नाटक कशाला? सरळ घोषणा द्या ना! आणि लगेच मत उलटं करा असं कोण म्हणतंय? (समोरचाही चुकतोच की.) नव्वद टक्के खात्री सत्तरवर आली तरी पुष्कळ. पण नाही, "कदाचित" म्हटलं की यांचं नाक कापलं जातं.